शेऱ्याचा रकाना

दुधाच्या निळ्या क्रेटमधून आली चौतीस यंत्रं,
खानापूर विभागाच्या मीटर वाचणाऱ्यांची,
वर सुतळीनं बांधलेली चिठ्ठी:
जुनी प्रणाली काढा, नवी घाला, सोमवारच्या आत.

शहापुरात आमच्या दुकानाचा जिना असा,
की वाकल्याशिवाय चढता येत नाही.
वाकून क्रेट वर नेला,
एकेक पाठ उघडत गेलो.
बॅटरीच्या खणात लाल माती.
कुणी पावसासाठी प्लास्टिक गुंडाळून रबर लावलेलं.
एकाच्या बटणावरचा पाच झिजून गेलेला,
पाच कुठं आहे ते आता फक्त त्याच्या अंगठ्याला ठाऊक.

नवी प्रणाली आधी एवढंच विचारते:
आतलं सगळं पुसू?
अठरा वेळा हो म्हटलं, चहा पीत पीत.

एकोणिसावं अडलं.
जागा अपुरी.
आत शिरून बघतो तर
शेऱ्यांची फाईल फुगलेली, अकरा वर्षांची.
प्रत्येक मीटरपुढं चाळीस अक्षरांचा रकाना,
बाकीच्यांनी मोकळा सोडलेला,
हेम्माडग्याच्या फिरतीवरच्या मष्णू गुरवनं
काठोकाठ भरलेला.
अक्षरं इंग्रजी, तीही थोरली,
यंत्राला दुसरी येतच नव्हती.
आत मात्र आपलं बोलणं:

कुत्रं बांधलंय का बघणे.
म्हातारीला ऐकू येत नाही, खिडकी वाजव.
मीटरमागं पाली, दोन.
ताक देतात, वेळ धरून जाणे.
बिल कन्नडात, वाचून दाखवणे.
पूल गेला, आकडा अंदाजे.
दार बंद.
दार बंद.
दार बंद, गोव्याला गेले.
आले. पोरगी झाली.

आणि एका नंबरापुढं नुसतं
एम ए एल.

माळ असेल, तर घर माळावर.
माळा असेल, तर शिडी लावून चढायचं.
मळ असेल, तर काच पुसून आकडा घ्यायचा.
चहावर साय धरली तरी मी तिथंच.
शेवटी फोन लावला.

"मष्णूमामा, एम ए एल म्हणजे काय हो?"
"कुठल्या नंबराला?"
सांगितला.
पलीकडं लांब कुठंतरी आरायंत्र चाललेलं,
ते थांबेपर्यंत मामा बोलले नाहीत.
"माळ ते. फोटोला घातलेली.
आदल्या महिन्यात त्यानंच बॅटरी धरली होती मला.
त्या दिवशी आत गेलो नाही,
खिडकीतनंच आकडा घेतला."

मग म्हणाले, "पुसालास काय रे ते?"
"वरनं आदेश आहे, मामा."
"पूस की मग. मला पाठ हाय.
मार्चला सुटतोय मी.
नवीन पोरगा येईल, त्याला
कुत्र्याचं तेवढं सांगून सोड."

हो दाबलं.
हिरवी पट्टी सरकत गेली,
बासष्टवर जरा दम घेतला, पुन्हा सरकली.
यंत्र नव्यानं उजळलं. भाषा निवडा:
वर कन्नड, खाली मराठी,
मधे एक बारीक रेघ.
मराठी दाबली.
काय अक्षरं! काना, वेलांटी, अनुस्वार,
ळसुद्धा होता.

म्हटलं, आता माळ नीट लिहू.
शेऱ्याचा रकाना हुडकला.
त्या जागी यादी, सात ओळींची:
दार बंद, मीटर नादुरुस्त, काच फुटलेली,
असं करत करत
शेवटी इतर.
इतर दाबलं.
काही उघडलं नाही,
नुसती बरोबरची खूण उमटली.

संध्याकाळी पाठी बसवत होतो.
एकोणिसाव्याच्या खणातली माती तेवढी झटकली नाही.
दुकानाच्या पावतीमागं लिहिलं,
हेम्माडगा, देवळापासनं चौथं घर, कुत्रं,
चार घड्या घातल्या,
बॅटरीखाली सरकवलं.
झाकण जरा फुगलं.
रबर लावून क्रेटमधे ठेवलं.